आयरिश बालवाड्या : शाळेत रुजलेली भाषा घरी परतेल का?

आयर्लंडच्या राज्यघटनेने आयरिश भाषेला राष्ट्रभाषेचा आणि पहिल्या अधिकृत भाषेचा मान दिला आहे. इंग्रजीचे स्थान घटनेनुसार दुसरे. व्यवहारातील चित्र मात्र नेमके उलटे आहे. २०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजार ९९७ नागरिकांनी, म्हणजे सुमारे ४० टक्के लोकांनी, आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदविले. शाळा-महाविद्यालयाबाहेर ही भाषा रोज बोलणाऱ्यांची संख्या होती अवघी ७१ हजार ९६८. साडेपाच लाखांहून अधिक लोक आयरिश बोलतात ती केवळ शिक्षणसंस्थांच्या आवारात.

येते पण बोलली जात नाही, अशी ही भाषा आहे. हे अंतर कमी करण्यासाठी आयर्लंडने केलेल्या प्रयत्नांपैकी सर्वाधिक यशस्वी म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो आहे तीन-चार वर्षांच्या मुलांना थेट आयरिश भाषेत 'बुडविण्याचा'. घरी इंग्रजी बोलणारी मुले अशा बालवाडीत येतात आणि तेथे त्यांच्या कानावर फक्त आयरिश पडते. शिक्षणशास्त्रात या पद्धतीला निमज्जन शिक्षण म्हणतात. आयरिशमध्ये तिच्यासाठी रूढ असलेला शब्दही 'बुडविणे' आणि 'शिक्षण' या दोन शब्दांच्या जोडणीतूनच झाला आहे. या पद्धतीने काय साधले आणि काय साधले नाही, याचा हिशेब आता मांडता येतो. कारण या प्रयोगाला पन्नासहून अधिक वर्षे झाली आहेत.

भाषा मागे कशी पडली?

आयरिश ही सेल्टिक कुळातील भाषा. स्कॉटलंडची गेलिक तिची जवळची बहीण, तर वेल्स प्रांतातील वेल्श लांबची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ग्रामीण आयर्लंडमध्ये, विशेषतः पश्चिम आणि दक्षिण भागात, ती लाखो लोकांची रोजची भाषा होती. १८३१ मध्ये ब्रिटिश राजवटीने राष्ट्रीय शाळांची व्यवस्था उभारली. तिचे माध्यम इंग्रजी होते. आयरिशखेरीज दुसरी भाषा न कळणारी मुलेही याच शाळांत बसत. मुलाच्या गळ्यात एक काठी अडकवायची, तो आयरिश बोलला की तिच्यावर खाच पाडायची आणि दिवसअखेर खाचा मोजून शिक्षा करायची, अशी प्रथा अनेक गावांत होती. त्यात पालकही सामील असत. इंग्रजी आली तर मुलाला अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये पोट भरता येईल, हा त्यांचा व्यवहारी विचार होता.

१८४५ ते १८५२ च्या महादुष्काळाने या ऱ्हासाचा वेग वाढविला. सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि किमान तेवढीच देश सोडून गेली. मेलेले आणि गेलेले बहुसंख्येने गरीब आणि आयरिशभाषक भागांतील होते. १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे सुमारे १५ लाख होते. १८९१ मध्ये ही संख्या सात लाखांच्याही खाली आली.

१८९३ मध्ये डग्लस हाईड, ओअन मॅकनील आदींनी गेलिक लीग ही संस्था स्थापन केली आणि भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू झाली. पुढे १९१६ च्या उठावाचे नेतृत्व करून फाशी नव्हे तर गोळीबार पथकासमोर मृत्यू पत्करणारा पॅट्रिक पिअर्स हा मुळात शिक्षक होता. द्विभाषिक शाळा पाहण्यासाठी तो १९०५ मध्ये बेल्जियमला गेला आणि १९०८ मध्ये त्याने डब्लिन येथे सेंट एंडाज ही द्विभाषिक शाळा काढली. रवींद्रनाथ टागोरांच्या 'डाकघर' या नाटकाचा १९१३ मध्ये डब्लिनच्या अ‍ॅबी थिएटरमध्ये झालेला प्रयोग याच शाळेच्या मदतीसाठी होता. १९१७ मध्ये लुईस गॅव्हन डफी यांनी एका सहकारी शिक्षिकेसह डब्लिनमध्ये पूर्णतः आयरिश माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू केली. आजच्या आयरिश शाळांची परंपरा तिच्यापर्यंत नेली जाते.

पहिला प्रयोग : सरकारी सक्ती

स्वातंत्र्य पदरात पडताच नव्या सरकारने भाषेचे काम शाळांवर सोपविले. १७ मार्च १९२२, म्हणजे सेंट पॅट्रिक दिनापासून, प्राथमिक शाळांत दररोज किमान एक तास आयरिशला देण्याचे ठरले. त्याहून धाडसी निर्णय होता तो बालवर्गांचा. चार ते सहा वर्षे वयाच्या मुलांचे सारे वर्ग आयरिशमधून चालवावेत, असे नव्या अभ्यासक्रमाने सांगितले. नावाने नसले तरी स्वरूपाने हे निमज्जन शिक्षणच होते, आणि तेही देशव्यापी.

हा प्रयोग फसला. त्याची कारणे आज स्पष्ट दिसतात. बहुतेक शिक्षक स्वतः इंग्रजीत वाढलेले होते. उन्हाळी वर्गांत काही आठवडे शिकून त्यांना लहान मुलांशी दिवसभर आयरिशमध्ये बोलावे लागे. वर्ग मोठे होते. साहित्य अपुरे होते. खेळ, गाणी, चित्रे यांच्याऐवजी पाठांतराला महत्त्व होते आणि पालकांना कोणी काही विचारलेच नव्हते. १९२६ मध्ये हा नियम काहीसा सैल करण्यात आला. १९३४ मध्ये पुन्हा आवळण्यात आला. १९४१ मध्ये शिक्षकांच्या संघटनेनेच एक अहवाल काढून, इंग्रजी घरांतील मुलांना आयरिशमधून शिकविण्याबद्दल प्रतिकूल मत नोंदविले. १९४८ पासून बालवर्गांत दिवसाला अर्धा तास इंग्रजीला मुभा मिळाली. १९६६ मध्ये जॉन मॅकनमारा यांचा द्विभाषिकता व प्राथमिक शिक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. आयरिशवर खर्च होणाऱ्या वेळेची किंमत मुलांना इंग्रजी आणि गणितात मोजावी लागते, असा त्याचा सूर होता. त्यांच्या पद्धतीवर नंतर बरीच टीका झाली. पण जनमत तोवर फिरले होते.

१९७३ मध्ये शालान्त प्रमाणपत्रासाठी आयरिश उत्तीर्ण होण्याची अट रद्द झाली. मुख्यत्वे आयरिश बोलल्या जाणाऱ्या प्रदेशांना गेल्टाख्ट म्हणतात. त्यांच्या बाहेर १९७२ मध्ये आयरिश माध्यमाच्या केवळ ११ प्राथमिक आणि ५ माध्यमिक शाळा उरल्या होत्या. एके काळी अशा शाळा शेकड्यांनी मोजल्या जात.

दुसरा प्रयोग : पालकांचा पुढाकार

सरकारने हात आखडता घेतला, नेमके तेव्हाच काही पालक पुढे आले. शहरांत राहणाऱ्या, स्वतः शाळेत आयरिश शिकलेल्या पण ती बोलता येत नसल्याची खंत बाळगणाऱ्या या पालकांना आपल्या मुलांसाठी वेगळी वाट हवी होती. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आयरिश बालवाड्या सुरू होऊ लागल्या. अशा बालवाडीला 'नीनरा' म्हणतात; तान्ह्या मुलासाठी असलेल्या आयरिश शब्दावरून हे नाव पडले. १९७३ मध्ये आयरिश माध्यमाच्या शाळांची आणि १९७४ मध्ये बालवाड्यांची संघटना उभी राहिली. आयरिश शाळेला 'गेलस्कॉल' हे नाव रूढ झाले.

याच सुमारास कॅनडातून उत्साहवर्धक निष्कर्ष येत होते. क्वेबेकमधील सेंट लॅम्बर्ट या उपनगरात १९६५ मध्ये इंग्रजीभाषक पालकांच्या आग्रहाने मुलांचा बालवर्ग पूर्णपणे फ्रेंचमधून सुरू झाला होता. मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. मुले फ्रेंचमध्ये सफाईने बोलू लागली आणि त्यांची इंग्रजीही मागे राहिली नाही, असे दिसून आले. लॅम्बर्ट यांनी केलेला एक भेद येथे लक्षात घेण्याजोगा आहे. मुलाची घरची भाषा सुरक्षित असेल, तिला समाजात मान असेल, तर दुसऱ्या भाषेची भर पडते. घरची भाषाच हीन ठरविली गेली, तर नवी भाषा जुनीची जागा घेते. १८३१ च्या शाळेत आयरिश मूल इंग्रजीत पडले ते दुसऱ्या प्रकारे. आजच्या नीनरात इंग्रजी मूल आयरिशमध्ये उतरते ते पहिल्या प्रकारे. पद्धत वरवर सारखी दिसली तरी परिणाम वेगळे होतात ते यामुळे.

उत्तर आयर्लंडमधील कहाणी अधिक खडतर आहे. १९६९ मध्ये पश्चिम बेलफास्टमधील शॉज रोड येथे काही कुटुंबांनी एकत्र घरे बांधून आयरिशभाषक वस्ती वसविण्यास सुरुवात केली. हे पालक स्वतः आयरिश शिकले होते. ती त्यांच्या आईवडिलांची भाषा नव्हती. १९७१ मध्ये त्यांनी नऊ मुलांना घेऊन स्वतःची शाळा सुरू केली. शहरात तेव्हा दंगली पेटल्या होत्या. या शाळेला सरकारी मान्यता व अनुदान मिळण्यास १९८४ साल उजाडावे लागले. तोवरचा सारा खर्च वर्गणीतून भागविण्यात आला. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर आयरिश माध्यमाच्या शिक्षणाला उत्तेजन देणे हे तेथील शिक्षण खात्याचे कर्तव्य ठरले आणि २०२२ मध्ये आयरिशला उत्तर आयर्लंडमध्ये कायद्याने अधिकृत मान्यता मिळाली. आज उत्तर आयर्लंडमध्ये सात हजारांहून अधिक मुले आयरिशमधून शिकतात. आयर्लंड प्रजासत्ताकात गेल्टाख्टबाहेरील अशा प्राथमिक शाळांची संख्या १९७२ मधील ११ वरून आता सुमारे दीडशेवर गेली आहे. गेल्टाख्ट धरून प्राथमिक शाळेतील सुमारे आठ टक्के मुले आयरिश माध्यमात आहेत.

नीनरात काय घडते?

नीनरात साधारणतः तीन ते पाच वर्षांची मुले दिवसाला तीनएक तास असतात. २०१० पासून आयर्लंड सरकारने शाळापूर्व वर्ष मोफत केले आणि २०१८ पासून ही सवलत दोन वर्षांची झाली. तिचा लाभ नीनरांनाही मिळतो. वय दोन वर्षे आठ महिने झाले की मूल तिला पात्र ठरते.

येथे भाषेचा 'तास' नसतो. वाळू, पाणी, ठोकळे, रंग, बाहुलीघर असे खेळाचे कोपरे असतात. फरक इतकाच, की तेथील ताई आयरिशमध्ये बोलत असतात. मूल दारात आले की त्याचे स्वागत आयरिशमध्ये होते. कोट काढ, हात धू, गोल करून बस, डबा उघड, खेळणी उचलून ठेव, ही वाक्ये रोज त्याच वेळी, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत कानी पडतात. ताई भाषांतर करीत नाहीत. हावभाव, बोट दाखविणे, चित्र आणि प्रत्यक्ष कृती यांतून अर्थ पोचवितात. बडबडगीते आणि गोष्टी पुन्हा पुन्हा होतात, कारण लहान मुलांना पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही.

पहिले काही आठवडे, कधी काही महिने, बहुतेक मुले आयरिश ऐकतात पण बोलतात इंग्रजीतच. हा 'मौनाचा काळ' स्वाभाविक मानला जातो. मूल इंग्रजीत म्हणाले, "मला पाणी हवे", तर ताई रागावत नाहीत; तेच वाक्य आयरिशमध्ये उच्चारून पाणी देतात. मग मूल ठरावीक वाक्ये अखंड उचलते. त्यातील शब्द सुटे करणे आणि नव्या वाक्यात वापरणे ही पुढची पायरी. चूक झाली तर ती दाखवून न देता बरोबर रूप सहज पुन्हा बोलून दाखविले जाते.

आयरिशमध्ये शब्दाच्या अर्थानुसार नव्हे, तर शेजारच्या शब्दानुसार आरंभीचा वर्ण बदलतो. 'होडी' म्हणजे 'बॉड', पण 'माझी होडी' म्हणताना त्याचे 'वॉड' होते. प्रौढ विद्यार्थ्याला नियम पाठ करून जमवावी लागणारी ही गोष्ट नीनरातील मूल नियमाचे नाव न ऐकता कानाने टिपते. मराठी वाचकाला मौज वाटेल असाही एक विशेष आहे. इंग्रजीत माणूस 'तहानलेला असतो'; आयरिशमध्ये मराठीप्रमाणेच त्याला तहान 'लागते', शब्दशः ती त्याच्या 'अंगावर' असते. अशी रचना भाषांतर करून शिकणे जड जाते, पण तहान लागलेली असताना कानी पडली की ती लक्षात राहते.

शाळेची आठ वर्षे

नीनरातून मूल चौथ्या-पाचव्या वर्षी गेलस्कॉलच्या बालवर्गात जाते. बालवर्गाची दोन आणि पुढील सहा अशी प्राथमिक शिक्षणाची आठ वर्षे असतात. पहिल्या टप्प्यात सारे काही आयरिशमध्ये चालते. बऱ्याच शाळा वाचनाचा श्रीगणेशाही आयरिशमध्येच करतात. इंग्रजी वाचन-लेखन नंतर सुरू होते आणि तेव्हाही इंग्रजी हा एक विषय असतो. गणित, इतिहास, विज्ञान यांचे माध्यम आयरिशच राहते.

बहुतेक पालक घरी आयरिश बोलत नाहीत. गृहपाठात मदत कशी करायची, ही त्यांची पहिली चिंता. त्यासाठी शाळा पालकांचे संध्याकाळचे वर्ग, ध्वनिमुद्रित गाणी-गोष्टी, रोजच्या वाक्यांच्या पत्रिका अशा सोयी करतात. मुलाच्या मागोमाग भाषेकडे वळलेले पालक कमी नाहीत. साध्या शाळेत चौदा वर्षे आयरिश शिकूनही स्वच्छतागृहात जाण्याची परवानगी मागण्याचे एकच वाक्य आठवते, असे आयरिश माणूस थट्टेने सांगतो. आपल्या मुलाच्या वाट्याला हे येऊ नये, ही या शाळांमागील प्रेरणा आहे.

इंग्रजी मागे पडते का?

या पद्धतीविषयी सर्वाधिक विचारला जाणारा हा प्रश्न राजकीय वादाचाही विषय झाला. २००७ मध्ये तत्कालीन शिक्षणमंत्री मेरी हॅनाफिन यांच्या खात्याने परिपत्रक काढून, बालवर्गाच्या पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रापासून रोज अर्धा तास इंग्रजी शिकविणे आयरिश शाळांना बंधनकारक केले. संपूर्ण निमज्जन करणाऱ्या शाळांनी त्यास कडाडून विरोध केला. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये परिपत्रक मागे घेण्यात आले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या गेल्टाख्ट शिक्षण धोरणाने तर पहिली दोन वर्षे संपूर्ण निमज्जन हीच तेथील शाळांच्या मान्यतेची एक अट ठरविली. नऊ वर्षांत सरकारी भूमिका किती बदलली, हे यातून दिसते.

हा बदल पुराव्याच्या आधारे झाला. २०१० मध्ये आयरिश माध्यमाच्या शाळांतील मुलांची इंग्रजी वाचन व गणितात राष्ट्रीय चाचणी घेण्यात आली. गेल्टाख्टबाहेरील आयरिश शाळांतील मुले इंग्रजी वाचनात राष्ट्रीय सरासरीच्या पुढे होती. अर्थात हे श्रेय केवळ माध्यमाला देता येत नाही. या शाळांतील पालक सरासरीपेक्षा काहीसे अधिक शिकलेले व सुस्थितीतील असतात. या शाळा 'उच्चभ्रूंच्या' आहेत, ही टीका त्यातूनच होते. ती सर्वत्र लागू पडत नाही. डब्लिनमधील बॅलिमन किंवा पश्चिम बेलफास्ट यांसारख्या कष्टकरी वस्त्यांतही या शाळा दशकानुदशके चालत आहेत. इतके मात्र म्हणता येते, की आयरिशमधून शिकल्याने मुलांच्या इंग्रजीचे नुकसान झाल्याचे दिसलेले नाही. घर, रस्ता आणि दूरचित्रवाणी इंग्रजी असताना तसे होण्याचे कारणही नाही.

आयरिशचे काय? जॉन हॅरिस यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९८५ आणि २००२ मधील चाचण्यांची तुलना आहे. आयरिश केवळ एक विषय म्हणून शिकविणाऱ्या साध्या शाळांत मुलांचे आयरिश ऐकणे-बोलणे या काळात मोठ्या प्रमाणात घसरले. आयरिश माध्यमाच्या शाळा त्यांच्या कितीतरी पुढे राहिल्या.

गेलस्कॉलची बोली

तथापि या यशाला एक किनार आहे. पॉड्रिग ओ दिव्हिर यांनी आयरिश शाळांतील सहावीच्या मुलांच्या बोलण्याचा बारकाईने अभ्यास केला; त्यांचे पुस्तक २०१८ मध्ये आले. मुले न अडखळता, आत्मविश्वासाने बोलतात. पण ते आयरिश आतून इंग्रजीच्या वळणाचे असते, असे त्यात आढळते.

आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना नेमके प्रतिशब्द नाहीत. "समजले का?" याला "समजले" किंवा "नाही समजले" असे क्रियापदानेच उत्तर द्यायचे असते. मराठी माणसाला यात नवल नाही. इंग्रजी वळणाच्या मुलाला मात्र 'येस'च्या जागी ठेवायला एक शब्द हवा असतो. मग 'ते तसे आहे' अशा अर्थाचा 'शा' हा शब्द ती सर्वत्र वापरतात. तीच गत 'असणे' या क्रियापदाची. "तो शिक्षक आहे" आणि "तो दमलेला आहे" यांसाठी आयरिशमध्ये दोन वेगळी क्रियापदे आहेत. मुले एकावरच काम भागवितात. अशा चुका आठ वर्षांच्या शिक्षणानंतरही टिकून राहतात, कारण त्यांनी कोणाचे काही अडत नाही. वर्गातील प्रत्येक मूल तसेच बोलते आणि प्रत्येकाला ते समजते.

सेंट लॅम्बर्टच्या मुलांभोवती फ्रेंच बोलणारे शहर होते. डब्लिनच्या मुलाला अस्सल आयरिश ऐकू येते ते बहुधा एका शिक्षकाच्या तोंडून, तेही त्या शिक्षकाची ती मातृभाषा असेल तर. शिवाय मुले शिक्षकांशी आयरिशमध्ये बोलतात आणि आपापसांत, विशेषतः मैदानावर, इंग्रजीकडे वळतात. हा अनुभव बहुतेक शाळांचा आहे.

कोण कोणाला बुडवितो?

खरी कसोटी आहे ती गेल्टाख्टमध्ये, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील डॉनिगॉल, मेयो, गॉल्वे, केरी आदी परगण्यांतील आयरिशभाषक टापूंत. तेथील नीनरात घरी आयरिश बोलणारी आणि घरी इंग्रजी बोलणारी मुले एकाच खोलीत येतात. इंग्रजी मुलाला आयरिश मित्र मिळेल, त्यामुळे तो लवकर शिकेल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. डब्लिनमधील संशोधक टीना हिकी यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच प्रश्न विचारला होता : कोण कोणाला बुडवीत आहे?

तीन वर्षांचे आयरिशभाषक मूलही थोडेफार इंग्रजी जाणते. इंग्रजी मूल आयरिश जाणत नाही. खेळ चालू राहावा म्हणून जो दोन्ही भाषा जाणतो, तोच जुळवून घेतो. शिवाय ताईंचे लक्ष न समजणाऱ्या मुलांकडे अधिक जाते, त्यांची वाक्ये सोपी होत जातात आणि ज्या मुलाची भाषा आणखी समृद्ध व्हायला हवी, त्याला तेवढे खाद्य मिळत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आयरिशभाषक घरांत वाढलेल्या सात ते बारा वर्षांच्या गेल्टाख्टमधील मुलांची क्षमताही आयरिशपेक्षा इंग्रजीत अधिक असल्याचे आढळले. २००७ मधील सर्वेक्षणाने तर पंधरा ते वीस वर्षांत आयरिश ही गेल्टाख्टची समाजभाषा राहणार नाही, असा इशारा दिला होता. २०२२ च्या जनगणनेत गेल्टाख्टमध्ये शिक्षणाबाहेर रोज आयरिश बोलणारे २० हजार २६१ जण उरले होते.

म्हणजे निमज्जन शिक्षणाची गरज दोन प्रकारची आहे. शहरातील मुलाला भाषा द्यायची आहे, तर गेल्टाख्टमधील मुलाकडे असलेली टिकवायची आहे. दोघांना एकच पद्धत पुरत नाही. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांचे दिवसातील काही वेळ वेगळे गट करावेत, त्यांच्यासाठी अधिक सकस गोष्टी आणि संवाद योजावेत, यावर आता भर दिला जात आहे.

फाटकाबाहेर

प्राथमिक शाळा संपली की दुसरी गळती लागते. आयरिश माध्यमाच्या माध्यमिक शाळांत जागा कमी आहेत, अनेक गावांत त्या नाहीतच. त्यामुळे आठ वर्षे आयरिशमध्ये घालविलेली बरीच मुले बाराव्या-तेराव्या वर्षी इंग्रजी शाळेत जातात आणि भाषा हळूहळू गंजते. शिक्षकांची टंचाई, बालवाडीच्या ताईंना मिळणारे अपुरे वेतन या अडचणी आहेतच.

२०१० मध्ये आयर्लंड सरकारने वीस वर्षांची भाषानीती जाहीर केली. शिक्षणाबाहेर रोज आयरिश बोलणाऱ्यांची संख्या २०३० पर्यंत अडीच लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट तिने ठेवले. २०११ मध्ये ती ७७ हजार होती. २०१६ मध्ये ७३ हजार ८०३ आणि २०२२ मध्ये ७१ हजार ९६८. शाळा वाढत असताना रोज बोलणारे कमी होत आहेत. एवढ्यावरून या शाळा व्यर्थ ठरतात असे नाही. त्या नसत्या तर शहरांत आयरिश बोलू शकणारी तरुण पिढीच दिसली नसती. १९९६ मध्ये सुरू झालेली आयरिश दूरचित्रवाहिनी, २०२२ पासून युरोपीय संघात आयरिशला मिळालेला पूर्ण कार्यभाषेचा दर्जा, सार्वजनिक सेवेतील नव्या भरतीत २०३० पर्यंत २० टक्के आयरिश जाणणारे असावेत हे २०२१ च्या कायद्याने ठरविलेले लक्ष्य, या साऱ्यांना लागणारी माणसे याच शाळांतून येण्याची आशा आहे.

शाळा जे देऊ शकत नाही ते कोठून मिळते, याचे उत्तर शॉज रोडने दिले आहे. तेथील पालकांनी आधी घरे बांधली, मग शाळा. पश्चिम बेलफास्टमध्ये पुढे १९९१ मध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत आयरिश सांस्कृतिक केंद्र उभे राहिले. पुस्तके घ्यायला, नाटक पाहायला वा नुसते चहा प्यायला तेथे आयरिश बोलता येते. शाळा सुटल्यावर जाण्याजोगी अशी जागा मुलाला मिळते, तेथे भाषा दप्तराबाहेर पडते. नीनरा मुलाला आयरिश बोलायला शिकविते, हे पन्नास वर्षांत सिद्ध झाले आहे. त्या मुलाशी आयरिशमध्ये बोलणारे कोणी शाळेबाहेर असावे, ही व्यवस्था मात्र मोठ्यांनाच करावी लागेल.